चिठ्ठीत निघालेलं घर

पुण्यात संज्ञापन विषयात एम.ए. करताना दुसऱ्या वर्षी मला सर्वेक्षण करायचं होतं. विषय मीच निवडला. बिबट्या दिसल्याची खबर आमच्या निमगाव सावाच्या वस्त्यांवर कशी पोचते, आणि कुणी सांगितली तर लोक ती खरी मानतात, एवढं मोजायचं. आमच्याकडच्या उसात बिबट्या नवा नाही, त्यामुळे माणसं बोलतील याची खात्री होती.

धास्ती होती ती आकड्यांची. सरासरी, प्रमाण विचलन असं काही फळ्यावर आलं की मी मान खाली घालायचे. संशोधन शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र सूत्रांच्या आधी एकच गोष्ट डोक्यात भरवली. जिथं जायला बरं वाटतं तिथंच जाऊन विचारलं तर तो पाहुणचार झाला, संशोधन नाही. वस्तीतल्या सगळ्या घरांना क्रमांक द्यायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल त्या घरी जायचं.

चिठ्ठ्या मी आमच्या ओट्यावर काढल्या. त्यात बांधापलीकडचं घर निघालं, माझ्या वडिलांच्या चुलतभावाचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आमचं बोलणं मी शाळेत असतानाच बंद झालं होतं. लग्नाची पत्रिकासुद्धा एकमेकांकडे जात नव्हती.

आईचं म्हणणं, दुसरी चिठ्ठी काढ, पुण्यात कुणाला कळतंय. मी मॅडमना फोन केला, त्या सोडवतील या आशेनं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घरात माणसं राहतात ना? मग जाऊन या. नाही म्हणाले तर नकार म्हणून नोंदवा."

सकाळी गेले. काकू अंगणात टोमॅटोचे कॅरेट धूत होत्या. मला बघून त्यांनी नळ बंद केला. मी काम सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा टाकला आणि समोर बसल्या. खबर कुठून मिळते याचे पर्याय मी वाचत गेले. मोबाईलवरचा ग्रुप, पेपर, वनखात्याची गाडी, शेजारी. प्रत्येकाला त्या नाही म्हणाल्या. मग कळतं कसं, असं मी विचारलं.

"तुमच्याकडं फटाकं वाजलं की आमी दारं लावून घेतो. गुरूपवर आमाला कोण घेणार? गुरूप तुज्या बापाचा."

त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. बिबट्याला हाकलायला आम्ही लावतो ते फटाके माझ्या पर्यायांत नव्हतेच. ते 'इतर'च्या पुढे लिहावे लागले. पुढचा प्रश्न होता, शेजाऱ्यांनी दिलेली खबर किती खरी मानता, एक ते पाच.

"दिली तर पाच लिव."

मी पाच लिहिले. ते 'दिली तर' कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

कुणाचं उत्तर काय, हे बाहेर सांगायचं नाही असा नियम होता. म्हणून निघताना मी त्यांनाच विचारलं, "काकू, तुमचा नंबर ग्रुपमध्ये घालायला सांगू का?"

"सांग. मीच म्हनले म्हनून सांग."

घरी येऊन मी वडिलांना तेवढंच सांगितलं. त्यांनी जेवण होऊ दिलं, हात धुतले आणि नंबर मागून घेतला.

संगणकात ते घर म्हणजे एक ओळ. टक्केवारीत ते कुठं दिसलं नाही. मॅडमनी मात्र मला पर्याय कसे अपुरे पडले यावर वेगळा परिच्छेद लिहायला लावला, आणि तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

पाण्याच्या पाळीचा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या हिवाळ्यात बिबट्या आमच्या गोठ्यामागं आला, तेव्हा बांधापलीकडून चुलत्यांनी ग्रुपवर न टाकता सरळ वडिलांना फोन लावला. वडील "हां, हां, बघतो" एवढंच म्हणाले आणि बॅटरी घेऊन उठले.