ऐन झारूरचं मोहोळ

रस्मियाला पहिल्यांदा मधमाशी चावली तेव्हा ती नीट चालतही नव्हती, आणि रडायच्या ऐवजी ती हसली, असं तिचा बाप अबू नायफ सगळ्या ऐन झारूरला सांगत फिरायचा. खरं-खोटं देव जाणे. पण पोरीला माश्यांत हात घालू देतोस म्हणून चुलते कुरकुरले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं, मग तू घाल." चुलत्यांनी काही हात घातला नाही.

नाझरेथच्या परिसरात गहू आणि तीळ पिकवणारं ते साठेक घरांचं अरब गाव. अबू नायफच्या अंगणाच्या भिंतीत मातीचे बावीस लांबट रांजण आडवे रचलेले होते. तोंडं चिखलाने लिंपलेली, मध्ये माशी जाईल एवढंच भोक. कोणत्या रांजणातल्या माश्या तापट आणि कोणत्यातल्या गरीब, हे रस्मिया डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायची.

१९४८च्या जुलैत गव्हाची मळणी अर्ध्यावर आली असताना खळ्यावर ज्यू-अरब युद्धातले तोफगोळे पडले. गाव उठलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. अबू नायफ बायको-पोरांना घेऊन लेबनॉनच्या वाटेला लागला. सतरा वर्षांच्या रस्मियाचं नुकतंच चुलतभावाशी, मुतलकशी, लग्न झालेलं. मुतलकच्या आईला चालवेना, म्हणून ती तिघं नाझरेथला थांबली. "पंधरा दिवसांत परततोच की," असं बाप-लेकींनी एकमेकांना सांगितलं. पुढे सीमा बंद झाली आणि गावातली घरं सुरुंगाने उडवली गेली. नाझरेथपासून गाव पायी चार तासांवर, पण नव्या ज्यू सरकारच्या लष्करी अंमलात परवान्याशिवाय कुठे जायची सोय नव्हती, आणि ऐन झारूरचा परवाना कुणालाच मिळत नव्हता. सरकारी कागदावर ही माणसं देशात हजर होती आणि स्वतःच्या शेतावर गैरहजर!

अशी सात वर्षं गेली. मुतलक खडी फोडायचा, रस्मिया लोकांचे कपडे शिवायची. एक दिवस दह्हाम नावाचा, बकऱ्यांमागे परवान्यावाचून कुठेही चोरून भटकणारा म्हातारा धनगर फाटका अंगरखा शिवायला घेऊन आला आणि सहज बोलून गेला, "तुझ्या बापाच्या भिंतीत अजून घूं-घूं चालू आहे, बरं का. माझी एक बकरी चावून काढली परवा."

रस्मियाने कात्री बाजूला ठेवली.

"किती रांजण?"

"मी काय मोजायला थांबलो? पळालो!"

एप्रिल संपत आला होता. वर्षातून एकच दिवस, नव्या राष्ट्राच्या स्थापनेच्या सणाला, परवान्यावाचून फिरता यायचं, आणि तो दिवस चार दिवसांवर होता. मुतलक संध्याकाळी घरी आला तर बायको काड्यांच्या टोपलीला आतून जुनं मेण चोळत बसलेली.

"हे काय चाललंय?"

"माश्या आणायला जायचंय."

"वेडबिड लागलंय का? बसमधून मोहोळ आणणार?"

"भीती वाटत असेल तर तू घरी बस. परात मात्र दे."

मुतलक गेलाच बरोबर. परातही त्यानेच उचलली.

सणाच्या दिवशी दोघं गावात पोहोचली, तर घरांच्या जागी दगडांचे ढीग होते आणि त्यांवर पुरुषभर काटेरी झुडपं. मुतलक आपला उंबरा शोधत उभा राहिला. रस्मिया थांबली नाही. निवडुंगातून वाट काढत, हात ओरबाडून घेत ती भिंतीपाशी पोहोचली. एकोणीस रांजण फुटलेले, दोन रिकामे, आणि अगदी तळाचा एक अखंड! तिने त्याला कान लावला.

"मुतलक! अरे धाव! उठणार आहेत या! आत्ता, आत्ता उठणार!"

बोलता बोलता रांजणाच्या भोकातून माश्यांची धार लागली. हजारो माश्या हवेत गरगरल्या आणि तो काळा ढग राणीला घेऊन, नव्या घराच्या शोधात उतारावरून सुटला.

"वाजव! परात वाजव! आवाजाने खाली बसतील!"

मुतलक दगडाने परात बडवत सुटला. मागून रस्मिया घागरा खोचून, ठेचकाळत, ओरडत, "खाली बसा गं, बायांनो! बसा माझ्या राण्यांनो!" गावच्या झऱ्याच्या वर एका झुडपाच्या फांदीला ढग लोंबकळला, जाडजूड दाढीसारखा. तिने खाली टोपली धरली आणि फांदीला एकच हिसडा दिला. धप्प! उरलेल्या माश्या टोपलीच्या काठावर बसून, शेपट्या वर करून पंख हलवू लागल्या.

"राणी आत आहे," ती खूण ओळखून रस्मिया पुटपुटली.

एवढ्यात गावाच्या शेतांवर वसलेल्या नव्या वसाहतीतला एक ट्रॅक्टरवाला येऊन मोडक्यातोडक्या अरबीत गुरकावला, "इथे काय करता?"

"माझं सामान नेते," म्हणत रस्मियाने टोपली पुढे केली. त्याने वाकून पाहिलं. पुढच्या क्षणी ट्रॅक्टर जो निघाला, तो वळून न बघता. मुतलक इतका हसला, इतका हसला की त्याला उचकी लागली. सात वर्षांत तो असा हसला नव्हता.

बसमध्ये ड्रायव्हरने फडक्याने झाकलेल्या टोपलीकडे बघत विचारलं, "ताई, टोपलीत काय गुणगुणतंय?"

"पोर आहे. झोपलंय."

एक माशी सावकाश येऊन त्याच्या टोपीवर बसली. त्याने ती आरशात पाहिली. "गुणी पोर आहे हो, रडत नाही," म्हणाला, आणि नाझरेथपर्यंत त्याने एकूण एक खड्डा चुकवला.

रेडिओवर ताटातूट झालेल्यांचे निरोप सांगायचा कार्यक्रम लागायचा. रस्मियाने निरोप धाडला: "अबू नायफला त्याच्या लेकीचा सलाम. तळाचा रांजण जिवंत होता. माश्या माझ्याकडे आहेत." चार महिन्यांनी शेजारणीच्या रेडिओतून उत्तर आलं. निवेदकाने ते गंभीर आवाजात वाचलं: "रस्मियाला तिच्या बापाचा सलाम. दुपारचं ऊन लागू देऊ नकोस, गाढवे. आणि पहिल्या वर्षी मध काढू नकोस." खोलीभर बायका टाळ्या पिटत होत्या. रस्मिया हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. बाप-लेकीची पुन्हा कधी भेट झाली नाही.

पहिल्या वर्षी तिने मध काढला नाही. दुसऱ्या वर्षी मोहोळ उठलं तेव्हा तिने अर्ध्या माश्या ऐन झारूरच्याच, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या एका विधवेला दिल्या. मग बहुतेक दरसाल एकेका घराला. तिची साठी उलटली तेव्हा नाझरेथमधल्या ऐन झारूरकरांच्या सव्वीस घरांच्या गच्च्यांवर तिच्या माश्या होत्या, आणि वसंत आला की कुठून ना कुठून हाक यायची, "रस्मियाआत्या, धाव गं, उठल्या!" आणि ती चपला न घालताच जिना उतरायची.