मागं न बघायचा पूल

साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या ओढ्यावरचा जुना पूल म्हणजे शतकांचा मूक साक्षीदार, असं नव्या पुलाच्या उद्घाटनाला तीन वक्त्यांनी सांगितलं. एकानं तो मराठी घोडदळाच्या नावावर केला, दुसऱ्यानं इंग्रजांच्या, तिसऱ्यानं दोघांच्या मिळून. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होते. कुतूहलानं जुनी दप्तरं चाळली, तर पूल कुणी बांधला याचा पत्ता नव्हता. कठडा बैलगाडीनं पाडला, तो बांधला, पुन्हा पाडला, एवढंच.

आमच्या आळीच्या लेखी त्याचा इतिहास वेगळा होता. घरटी एक तरी माणूस पलटणीत. रजा संपवून तो निघाला की घरच्यांनी त्याला पुलापर्यंत पोचवायचं, हातावर दही घालायचं आणि तिथंच थांबायचं. पलीकडे स्टँडचा रस्ता लागेपर्यंत त्यानं मागं बघायचं नाही. बघितलं तर पुढची रजा हुकते, असा समज. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठच मला नीट आठवते. मानेवरचे नुकते कापलेले केस, डोक्यावरची काळी ट्रंक.

उद्घाटनाच्या सकाळी दादा निघाला, तर जुन्या पुलावर समारंभाचा मांडव आणि शेजारच्या नव्या पुलाला फीत.

"जुना पूल बंद हाय, मावशी," बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला.

"मग नव्यावरनं जाऊ दे त्येला," आई म्हणाली.

"त्यो अजून उघडला न्हाई. पाव्हणे फीत कापत्याल, मग."

"कवा येणार पाव्हणे?"

"ते पाव्हण्यांनाच ठावं."

"माझा ल्योक सरहद्दीवर चाललाय, आन् तू त्येला ओढ्यावर अडवतूस व्हय रं?"

हवालदारानं मांडवाकडे बघितलं. तिथं सतरंज्या अंथरणं चाललं होतं.

दादानं बूट काढून गळ्यात अडकवले, पँट दुमडली. "आई, आज गाडी चुकली तर पुढची रजा आत्ताच गेली म्हण," असं म्हणून, हातावरचं दही चाटून तो ट्रंकेसकट ओढ्यात उतरला. पाणी पोटरीभर. मधोमध त्याचा पाय शेवाळावर सरकला आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "आरं, जपून!"

दादानं मागं वळून बघितलं. हसला, आणि गेला.

आई घरी परतली. उंबऱ्यात म्हणाली, "म्याच हाक मारली."

पंधरवड्यात जुना पूल पाडायला घेतला. आई रोज संध्याकाळी तिकडे जाऊन उभी राहायची. शेवटी मुकादमाच्या मागं लागून तिनं अलीकडच्या टोकाचा एक दगड तेवढा ठेवून घेतला. दादाला पुन्हा पोचवायला जागा हवी ना! त्याचं पत्र आलं की मला दोनदा वाचायला लावायची.

"रजेचं काय?"

"काही नाही लिहिलं."

"नीट बघ. कोपऱ्यात बारीक लिवतो त्यो."

कोपऱ्यातही नसायचं. मग ती पत्र माझ्या हातून घ्यायची आणि, वाचता येत नसताना, कोपरे बघायची.

आता आई नाही. ओढ्यावर स्लॅब टाकला आहे, आणि लोक दारातूनच रिक्षात बसून जातात. कुणाला कुठवर पोचवायचं, हे सांगणारी जागाच उरली नाही. साताऱ्याला गेले की मी त्या दगडापाशी जरा थांबते. अलीकडे एक फळवाला त्यावर पोपया मांडतो. मी पोपया बघतेय असं दाखवते. एवढ्या वर्षांत दादाचा निरोप मी समोरून पाहिला तो तेव्हा एकदाच. भिजलेली पँट, गळ्यात बूट आणि हसू.

रजेचं म्हणाल, तर ती हुकली नाही. दादा दोन महिने आधीच घरी आला. त्याला गालगुंड झालं होतं.