गाडीखालची जमीन

जॅकवाल्या मावशींना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याचं क्रेन दुरुस्तीचं गॅरेज होतं. तो अंथरुणाला खिळला तेव्हा मावशींनी बाह्या सरसावून पाना हातात घेतला, आणि तो गेल्यावरही खाली ठेवला नाही. अठरा वर्षं झाली त्याला. अलीकडे मोटारहोमचं काम जास्त यायचं. चाकांवरचं घर ते. उभं केलं की पोटाखालून चार हायड्रॉलिक पाय उतरतात आणि घर समतल धरतात. कुठे कललं तर बझर वाजतो. त्या पायांच्या जॅकमध्ये मावशींचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन आला. हे निवृत्त शिक्षक, बायकोसह बंद कारखान्यामागच्या मैदानात मोटारहोममध्येच राहायचे.

"मावशी, बझरने जीव नकोसा केलाय. आधी दिवसातून एकदा वाजायचा, आता तासातासाला. आधीच्या मेकॅनिकने वर चिकटपट्टी लावून दिली."

"आणि तुम्ही लावू दिलीत?"

"हिचं डोकं दुखायचं हो."

मावशी पोचल्या तेव्हा मैदानात सहा गाड्या रांगेत उभ्या होत्या. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मास्तरांच्या गाडीतून, पट्टीखालून, कोणी तोंड दाबून ओरडावं तसा आवाज येत होता.

त्यांनी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. बॅटरी उतरली की बझर उगाच कोकलतो. बॅटरी ठणठणीत होती. पाय वर घेऊन टाकीतलं तेल पाहिलं, ते काठोकाठ. वायरी कुठे कुरतडलेल्या नव्हत्या. पाय परत खाली सोडून गाडी सरळ केली. मग चारही पायांच्या चकचकीत दांड्यांवर, सिलिंडरला लागून, खडूने रेघ मारली. पाय गळत असला तर दांडी आत सरकणार आणि रेघ दिसेनाशी होणार. घरातल्या फरशीवर त्यांनी स्वतःची लेव्हलपट्टी ठेवली. पाण्यातला बुडबुडा मधोमध थांबला.

"आता चहा घ्या," मास्तरांच्या बाई आतून म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना झटकन उठता येत नसे.

चहा संपायच्या आत बझर वाजला. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मावशी गाडीखाली शिरल्या. चारही रेघा जागच्या जागी. पाय तसूभर हलला नव्हता.

पाय जागेवर आणि घर मात्र कललेलं. त्यांनी मागच्या डाव्या पायाखालची फळी पाहिली. मघाशी ती जमिनीवर होती. आता तिच्या कडेवर माती चढली होती.

व्हॅनमधून पहार आणून त्यांनी फळीपासून दोन हात लांब जमिनीवर टेकवली आणि जरासा जोर दिला. पहार लोण्यात सुरी जावी तशी गेली, हातातून निसटली आणि पुरती आत गडप झाली. क्षणभराने खालून ती पाण्यात पडल्याचा आवाज आला.

मावशी मास्तरांकडे वळल्या.

"बाईंना उतरवा. उजव्या दाराने, हळू. काही घेत बसू नका."

"औषधांची पिशवी तरी..."

"नाही म्हटलं ना!"

दोघांना सडकेपर्यंत पोचवून मावशी स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. पाय वर घेतले तसं मागचं डावं चाक कुरकुरलं आणि कपाटातली भांडी खळखळून एका बाजूला गेली. त्यांनी गाडी गोगलगाईच्या चालीने पुढे काढली. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

मग त्या दार वाजवत सुटल्या. चौघांनी मुकाट्याने गाड्या हलवल्या. शेवटी उरला कप्तान. जन्म जहाजावर काढलेला हा माणूस दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

"माझ्या गाडीत एवढासुद्धा आवाज नाही, मावशी. जमीन खचली असती तर बझर वाजला नसता?"

मावशींना आठवलं. दोन वर्षांपूर्वी याच माणसाच्या कटकटीला कंटाळून त्यांनी त्याच्या बझरची वायर स्वतःच्या हाताने कापली होती. तेव्हा दोघंही हसले होते.

"तो वाजणार कसा? मीच त्याचा गळा कापलाय."

कप्तान काही बोलायच्या आत त्या त्याच्या गाडीखाली शिरल्या. पाठीखालची माती ओलसर, थंड लागत होती. दातांनी वायर सोलून त्यांनी टोकं पिळली मात्र, डोक्यावर बझर असा किंचाळला की कप्तानाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मावशी बाहेर निघाल्या तशी त्याने गाडी सुरू केली आणि थेट सडकेवर नेली.

दुपारी मैदान बसलं. मोठा धमाका वगैरे काही झाला नाही. आधी नळाचा खांब तिरपा झाला, मग मास्तरांच्या गाडीची जागा आणि तिच्या शेजारची, दोन्ही एकदम खाली गेल्या. धूळ बराच वेळ तिथेच तरंगत राहिली. खालची जुनी सांडपाण्याची मोरी फुटून महिनोन्महिने माती वाहून जात होती, असं नंतर इंजिनिअर म्हणाले.

सगळे मावशींचे हात धरून आभार मानत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या मनात गाड्या मोजत होत्या. गिऱ्हाइकाची कटकट मिटावी म्हणून आजवर कापलेल्या वायरी किती? आठवून आठवून अकरा निघाल्या, कप्तानाची धरून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेणं थांबवलं आणि जुनी गिऱ्हाइकं शोधायला लागल्या. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे "एवढ्यासाठी आलात?" म्हणून हसून घेतलं. कप्तानाचा धरून आठ बझर पुन्हा वाजते झाले.

नववी गाडी भंगारात गेली होती. दहावीच्या मालकाने पत्ता सांगितला. पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं.

अकरावी गाडी एका जोडप्याची होती, दोन लहान मुलं असलेल्या. फोन लागायचा, बेल वाजत राहायची, कोणी उचलायचं नाही आणि तो आपोआप तुटायचा. मावशी रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करण्याआधी तो नंबर लावतात.