पहाटेचा समुद्र त्याचा

माझा नवरा आमच्या मुलासाठी धावतो. हे मी म्हणत नाही, सगळी रत्नागिरी म्हणते. मुलाला ऑटिझम आहे. त्यावरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून नवरा लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो आणि ऑफिसातले लोक, मुंबईचे नातेवाईक त्याच्या नावाने देणगी पाठवतात. पैसे जातात ते योग्य ठिकाणीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पहाटेबद्दल आहे. अंधारात तो बूट घालून निघतो, भाट्ये पुलावरून पलीकडे जातो आणि उजाडल्यावर घामाने निथळत, चेहरा फुललेला असा परत येतो. आज होड्या लवकर परतल्या, पुलावर वारा कसला होता, सगळं सांगतो. तोवर मी मुलाचे दात घासलेले असतात, आंघोळीसाठी त्याच्या मिनतवाऱ्या केलेल्या असतात आणि कड तुटली म्हणून त्याने फेकलेलं घावन उचललेलं असतं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मला तो नवऱ्याच्या तोंडून कळायचा. त्याच्या पोटऱ्या पिळदार झाल्या, कंबर बारीक झाली. माझा जळफळाट व्हायचा. तो झोपलेला असताना त्या पोटऱ्यांकडे बघूनसुद्धा व्हायचा.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "नशीबवान हां गो तू! पोरासाठी असा धावणारा बापूस कुणाला मिळतो?"

"हो ना," मी म्हणायचे आणि कपडे जरा जास्तच जोरात पिळायचे.

एकदा मी त्याच्याकडे रविवारची पहाट मागितली. तो म्हणाला, "अगं, माझ्याजवळ कुठे राहतो तो? त्याला तूच लागतेस." खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं. एवढी एक गोष्ट तरी त्याच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती. मी पुन्हा मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात शर्यत आमच्याच गावात झाली, शेवट मांडवीच्या किनाऱ्यावर. आयोजकांच्या बायकांनी माझ्या हातात औक्षणाचं तबक दिलं. तो आला की ओवाळायचं, फोटो काढायचा. मुलगा कानांवर हात दाबून मला चिकटून उभा होता. नवरा येताना दिसला तसा माइकवरचा माणूस ओरडला, "हा बाप धावतोय आपल्या लेकरासाठी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी ओवाळलं. फोटोवाला मला म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला व्हा, बाप-लेकाचा घेऊ."

मी झालेच बाजूला. तबक जवळच्या बाईकडे दिलं, मुलाचा हात नवऱ्याच्या ओल्या हातात दिला आणि "आलेच" म्हणून सुटले.

काळ्या वाळूत उतरल्यावर चपला हातात घेतल्या आणि ओढणी कमरेला बांधून धावले. कसलं धावणं, थोड्याच वेळात बरगडीखाली कळ आली आणि वाकून उभी राहिले. पुन्हा धावले. पाय पाण्यात गेले, सलवार भिजली. मला कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला काही नको होतं. अरे लबाडा, रोज हे मिळतं होय तुला, असं मी मोठ्याने म्हणाले.

फोन मुठीत धरलेला होता. आता वाजेल, मुलगा रडून गोंधळ घालत असेल, असं सारखं वाटत होतं. फोन काही वाजेना. शेवटी मीच घाबरून परत फिरले.

शर्यतीच्या मांडवामागे, गर्दीपासून लांब, दोघं कठड्यावर बसले होते. मुलगा बापाच्या गळ्यातल्या पदकाची फीत बोटांतून सरकवत होता आणि गुणगुणत होता. खूश असला की तो असंच गुणगुणतो. मी समोर उभी राहिले तरी त्याने मान वर केली नाही.

"रडला?" मी विचारलं.

"छे गं. मजेत होता."

"मला शोधलंन?"

"नाही." नवरा केळं सोलत होता. "तू उगाच धावतपळत आलीस."

मुलगा रडला असता तर बरं, असं त्या क्षणी मला वाटलं. मग मी नवऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात दुसरंच आलं. म्हणजे एवढी वर्षं, रोज पहाटे, मला इथे येता आलं असतं.