आंब्याचा चीक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, वर्ध्याच्या ज्या मित्राशी दर शनिवारी तासभर फोनवर बोलतो त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हे काही फार शौर्याचं कारण नव्हे, मला कळतं.

गोष्ट तशी एवढीशी. माझ्या दीड वर्षाच्या मुलीच्या तोंडाभोवती पुरळ आलं आणि पाच दिवसांत गेलं. लहान पोरांना पुरळ येतंच. घामोळं येतं, डास चावतात, लाळेनं हनुवटी लाल होते, आणि आठवड्यानंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग चार वर्षं मी हे पोटात धरून का बसलोय?

लखनौला आम्ही माझ्या सरकारी नोकरीपायी आलो. अलीगंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं. मेघनालाही शाळेत नोकरी लागली, तेव्हा ओवीला सांभाळायला रामदेई येऊ लागली. पन्नाशीची बाई, माहेर मलिहाबादकडचं. आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन घरी सकाळी कणीक मळून पोळ्या करायची आणि नऊच्या ठोक्याला आमच्या दारात हजर. सगळे तिला अम्मा म्हणायचे. ओवी ‘आई’ म्हणायच्या आधी ‘अम्मा’ म्हणाली. मेघनाला ते थोडं लागलं होतं — पण ती हसली होती.

त्या जूनमध्ये नागपूरला सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. मेघना दहा दिवसांसाठी एकटीच गेली. जाताना चार वेळा बजावलं, उन्हात पोरीला कुठं नेऊ नकोस. मी म्हणालो, बाप आहे मी तिचा, पाहुणा नाही. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

त्याच रविवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर मी ओवीला घेऊन मलिहाबादला आंब्याच्या बागेत गेलो. झाडाखाली सतरंजी पसरली, पत्ते निघाले. शेजारी नुकत्याच उतरवलेल्या दशहरी आंब्यांचा ढीग होता, त्यात ओवीला बसवलं. आमच्या घरी आंबा पाण्यात टाकल्याशिवाय, देठाचा चीक पिळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. पाच वर्षांचा असल्यापासून मला हे माहीत आहे. पण पत्त्यांत पानं चांगली आली होती. तासभर ती देठ चावत, आंबे चोखत बसली. फ्रॉक चिकानं माखला, तेव्हा मी हसून तिचा फोटो काढला.

सोमवारी सकाळी तिच्या ओठांभोवती, गळ्यावर, बोटांच्या बेचक्यांत लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. अम्मानं एकदाच पाहिलं.

"भैया, ई तो चोपी लगी है। आम भिगोए नहीं थे का?"

चोपी म्हणजे चीक. बागांत वाढलेली बाई, तिला काय सांगायचं? तिनं गार पाण्यानं ओवीला पुसलं, खोबरेल लावलं, चार दिवसांत जाईल म्हणाली. मी तिला विनवलं — बागेचं मेघनाला सांगू नका. ती तोंडाला पदर लावून हसली. नाही सांगणार म्हणाली. फ्रॉकचे डाग निघत नव्हते, तो मी कचऱ्यात टाकला. फोटोही पुसला. बघा, किती नीटनेटकं काम केलं.

दुपारी व्हिडिओ कॉलवर मेघनानं ओवीचं तोंड पाहिलं आणि किंचाळलीच. काय झालं हिला? कशानं झालं? आणि मी —

सांगतो. मी म्हणालो, "अम्माच्या नातीला खाज सुटलीय म्हणे अंगभर. तिचंच लागलं असेल."

नात होती. खाज नव्हती. आठवडाभरापूर्वी अम्मा घामोळ्याबद्दल काहीतरी बोलली होती, तेवढ्यावर मी हे उभं केलं. विचार करून केलं असंही नाही. ते तोंडात तयारच होतं. एखाद्या कामवालीच्या घरी घाण असणार, रोग असणार — हे आपल्यासारख्यांच्या तोंडात तयारच असतं, नाही का? तुमच्या नसेल. माझ्या होतं.

मेघना खरूज म्हणाली. तो शब्द मी उच्चारला नव्हता, आणि कितीतरी दिवस मी याच गोष्टीला धरून होतो. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर तो जाऊन पोचला.

मंगळवारी ओवीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आम खाया था? मी हो म्हणालो. चीक लागलाय, किरकोळ आहे, लोशन लावा, जाईल. दोन मिनिटांत विषय संपला. दवाखान्याच्या पायरीवर मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. तेव्हा सगळं सावरता आलं असतं हो. फार तर मेघना दोन दिवस बोलली नसती. दोन दिवस! मी फोन लावला आणि सांगितलं — डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन असू शकतं.

बुधवारी मेघनानं अम्माला फोनवर घ्यायला सांगितलं. स्पीकर लावून मी फोन टेबलावर ठेवला. घरी कोणाला खरूज आहे का, खरं सांगा. अम्मा म्हणाली, "नहीं बहूजी, हमारे घर में किसी को कुछ नहीं है।" मग बिटियाला कशानं झालं? अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मला शब्द दिलेला होता तिनं. ती थांबली, मी बोलेन म्हणून — चांगली थांबली. मी ओवीचा मोजा सरळ करत होतो.

"अब हम क्या बताएँ," ती म्हणाली.

मेघनानं तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पोळ्यांची तिन्ही घरं त्याच दिवशी सुटली. मी बाल्कनीत होतो. खाली फाटकाशी तळमजल्यावरच्या बाई अम्माला हात उलटेपालटे करायला लावून बघत होत्या — स्वतः न शिवता, लांबून, काडीनं पदर सरकवत. जिच्या हातची पोळी त्या दोन वर्षं खात होत्या. अम्मानं बोटं फाकवून दाखवली. सगळी बोटं स्वच्छ होती. तरी त्या नको म्हणाल्या.

शनिवारी ओवीचा चेहरा लख्ख झाला.

मेघना अजून सांगते ही गोष्ट. ओळखीत कोणाला मूल झालं की सांगते, बाई ठेवताना तिच्या घरची चौकशी करा, आमच्या ओवीला काय झालं होतं ठाऊक आहे ना? मी शेजारी बसून मान हलवतो. मेघनाचा यात दोष नाही, तिला जे दिलं ते तिनं खरं मानलं.

वर्षभरानं अम्मा भेटली. जेठातला, म्हणजे ज्येष्ठातला मंगळवार होता, हनुमानाचा बडा मंगल. लखनौभर रस्तोरस्ती भंडारे लागले होते. मेघना सरबत आणायला पुढे गेली होती, मी ओवीचा हात धरून उभा होतो. पुरी-सब्जीच्या रांगेत अम्मा, हातात द्रोण. वाळली होती. ओवीनं तिला ओळखलं नाही. तिनं मात्र द्रोण खाली ठेवला, आमच्यापुढे उकिडवी बसली आणि ओवीच्या हनुवटीकडे निरखून पाहिलं.

"दाग तो नहीं रह गया न, भैया?"

आणि बघायला तिनं हात पुढे केला. तेवढ्यात मेघना वळली. आणि मी ओवीला मागे ओढलं. मेघनानं नाही ओढलं, मी ओढलं.

अम्मानं हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी तिनं तो झाकला, आणि मी पोरीला कडेवर घेऊन चालू लागलो.