जत्रा आली की सून पडते

एक केस मी अजून विसरलेलो नाही. खरं तर घरचेच विसरू देत नाहीत. जेवताना मी घसा खाकरला की आमची सौ. म्हणते, "आता सासूबाई येणार." तर त्या सासूबाई.

तेव्हा मी पनवेलच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. साठीच्या पुढची, नऊवारीतली एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन बसली. मूळ साताऱ्याकडची. वाशीच्या बाजारात माथाडी असलेला नवरा वारल्यापासून करंजाड्यात मुलगा-सुनेजवळ राहत होती. सासू ठाण्यात आली म्हणजे सुनेचीच तक्रार असणार, असं धरून अंमलदाराने पेन उचललं.

"बोला आजी, काय केलं सुनेनं?"

"ती पडती," बाई म्हणाली. "मी जत्रेला गावाला गेले की बाथरूममधी पडती. कधी हात, कधी डोकं. चार दिसामागं गावाला लग्नाला जाऊन आले, तवा बी पडली. मी घरात असले की न्हाई पडत. मग बाथरूमचा काय दोष, सांगा की."

अंमलदाराचं पेन थांबलं. मी केबिनमधून बाहेर आलो.

"परवा जत्रेची गाडी हाय," ती मला म्हणाली. "पोरानंच शीट बुक केलंय. म्या न्हाई म्हनलं, तर जायाचंच म्हनतो. मी गेले की ती पडणार, साहेब."

"मुलगा पोटचा आहे ना तुमच्या?"

"व्हय. म्हून तर कळलं."

नवरा-बायकोला बोलावून समेट घडवू, असं एका शिपायाने सुचवलं. मी नको म्हणालो. नवरा शेजारी बसला की बायको त्याच्या डोळ्यांकडे बघून बोलते, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. मुलगा रबाळ्याला कंपनीत ड्युटीवर गेला होता. आमच्या महिला हवालदार साध्या कपड्यांत सासूबाईंबरोबर घरी गेल्या आणि सुनेला घेऊन आल्या.

"पाय घसरला, साहेब," सून म्हणाली. "आमच्याकडच्या टाइल्सच तशा आहेत."

मी तऱ्हेतऱ्हेने विचारलं. माझ्या मिशांपुढे माणूस खरं बोलतो, असा माझा समज होता. ती मुलगी मिशा बघून आणखीच गप्प झाली. शेवटी हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी जरा बाहेर बसा."

स्वतःच्याच केबिनबाहेर मी तक्रारदारांच्या बाकावर बसलो. येणाऱ्या शिपायांना मला सॅल्यूट करावा की धीर द्यावा, कळेना. शेजारी सासूबाई पुटपुटत होत्या, "तिला रस्त्यावर काढील की वो त्यो."

आत हवालदारबाईंनी, त्यांनीच मला नंतर सांगितलं, मारहाणीचं नावही काढलं नाही. "खरं सांगितलंस तर काय होईल असं वाटतं तुला?" एवढंच विचारलं.

तेव्हा ती बोलली. "घर ह्यांच्या नावावर आहे. तोंड उघडलंस तर दोघींना बाहेर काढीन, म्हणतात. मी जाईन कुठेही. पण आई कुठे जातील?"

मला आत बोलावलं गेलं. मी तिला सांगितलं, घर कोणाच्याही नावावर असू दे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा तुला हक्क आहे. कोर्ट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. आणि तोच कायदा त्या बाहेर बसलेल्या आईच्याही कामाला येतो.

मग तिने बाही वर केली. "लिहून घ्या."

जबाब झाला, वैद्यकीय तपासणी झाली, कोर्टात अर्ज करायला मदत करणाऱ्या संरक्षण अधिकारीबाईंना कळवलं. मग नवऱ्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड वाणी. सौ.ने बघितला असता तर जावई म्हणून पसंत केला असता.

"आईचं वय झालं, साहेब, काहीही बोलते. सोसायटीत विचारा, माझा कधी आवाज ऐकलाय का कुणी?"

"आई गावाला गेल्यावरच बायको कशी पडते?"

"टाइल्स..."

"तिच्या दंडावर बोटांचे वळ आहेत. टाइल्सना बोटं असतात?"

तो चिडला. "अहो, रोज थोडंच मारतो?"

हवालदारबाईंनी मान वर केली. "मग कधीमधी चालतं, असं कुठं लिहिलंय?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण सुनेचा जबाब, डॉक्टरांचा दाखला आणि सासूची साक्ष चालते. त्याच दिवशी गुन्हा दाखल केला. परवाची गाडी सासूबाईंना न घेताच गेली. पुढे कोर्टाने त्याला घरापासून लांब राहायला सांगितलं. मायलेकीसारख्या त्या दोघी तिथेच राहिल्या.

त्यानंतर कोणी बाई 'पडले' म्हणाली, तर फरशीची चौकशी करणं मी बंद केलं. तेव्हा घरात कोण होतं आणि कोण नव्हतं, हे आधी विचारू लागलो. तुमच्या शेजारीही कोणी सारखी पडत असेल, तर तिला एकटीला गाठून विचारा. ती नाही म्हणाली तरी पुन्हा विचारा. घरचा मामला म्हणून दार लावून घेऊ नका. ती सासू तर घरातलीच होती.

पुढच्या वर्षी सासूबाई ठाण्यात आल्या. जत्रेचा प्रसाद घेऊन, थेट गाडीतून उतरून.

"सून कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"उभी हाय."