रंगाच्या हौदातली सायकल

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतात. व्यंकटेश मार्चमध्ये गेला. तेव्हापासून त्याच्या घरी बसायला येणारा प्रत्येक जण सायकलचा एखादा तरी किस्सा सांगूनच उठतो, आणि दर किश्शात हौदाची भिंत हातभर उंच होते. परवा एका गृहस्थांनी ती दुमजली केली. मी शेजारी बसून ऐकत होतो. सांगून झाल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

म्हणून हे लिहून ठेवतो. भिंत माझ्या छातीइतकी होती. सिद्रामला विचारलंत तर तो खांद्याइतकी म्हणेल, पण सिद्राम बुटका आहे.

*

आम्ही तिघं होतो. व्यंकटेश अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करायचा, घरात तेलुगू. सिद्रामच्या वडिलांचं किराणा दुकान, घरात कानडी. मी मास्तरांचा मुलगा, कॉलेजात. घरात मराठी आणि भरपूर मोकळा वेळ. सत्तरीचं दशक संपत आलं होतं.

सुरुवात सिद्रामच्या दुकानात झाली. पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यात एकदा कुठलं तरी परदेशी मासिक आलं. एका पानावर एक गोरा मुलगा छोट्या चाकांच्या सायकलसकट हवेत होता. खाली वळणदार भिंत, वर मुलगा, दोन्ही चाकं आभाळात. भिंतीचाही वरचा काठच काय तो दिसत होता, कारण अर्ध्या पानात सिद्रामच्या वडिलांनी शेंगाचटणी बांधून गिऱ्हाइकाला दिली होती.

आम्ही चित्राकडं बघतच राहिलो.

"लई भारी," सिद्राम म्हणाला, "पण हा उतरला कुटं?"

हा प्रश्न पुढं तीन आठवडे पुरला. सिद्रामचं म्हणणं, तो भिंत ओलांडून पलीकडं उतरतो. मी म्हणायचो, तो वरच्या काठावर उभा राहतो. व्यंकटेश म्हणाला, "गेला तसाच परत येतो. नाहीतर एवढी गोल भिंत कशाला बांधतील?" त्यावर सिद्राम गल्लीतल्या चार घरी जाऊन चटणीचा कागद मागून आला. एका घरात तो सापडलाही, पण त्याला पार तेल सुटलेलं. तेलातून दिसला फक्त एक बूट.

*

गोल भिंत आमच्याकडं होती. कारखान्याच्या मागं एक बंद पडलेला रंगखाना होता, आणि त्यात सूत बुडवायचा मोठा सिमेंटचा हौद. कोपऱ्यात रंग साचू नये म्हणून त्याचा तळ आणि भिंत यांच्यामध्ये कोपराच नव्हता. तळ हळूहळू वळत उभी भिंत व्हायचा. असल्या भिंतीला क्वार्टर पाईप म्हणतात आणि त्यावरून हवेत जाण्याला एअर, हे मला चाळिशीत कळलं. आम्ही म्हणायचो, "हौदात जायचं का?" मालकांची काही हरकत नव्हती. त्यांना ते माहीतच नव्हतं.

हौद कोरडा होता, पण रंग सगळा गेलेला नव्हता. अर्धी भिंत लाल, अर्धी निळी. घामानं सदरा भिजला की पाठीवर रंग उठायचा. मी घरी चोरपावलांनी शिरायचो. वडील वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. एक शब्द विचारला नाही त्यांनी कधी. फक्त आईला सांगायचे, "चिरंजीव आज निळीकडं पडलेत. पाणी गरम कर."

ते एकदा हौदावर येऊन सगळं बघून गेले होते, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

*

सायकल उस्मानभाईंनी जमवली. त्यांचं दुरुस्तीचं दुकान कारखान्याच्या वाटेवर होतं. लहान मुलाची एक जुनी, पण दणकट सायकल त्यांनी काढली. व्यंकटेशनं तिचा स्टँड काढायला लावला, मग कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर. उस्मानभाई एकेक भाग काढून बाजूला ठेवत होते. शेवटी ढिगाकडं बघून म्हणाले, "अब सायकल इधर है की उधर?"

घंटी मात्र त्यांनी काढू दिली नाही. व्यंकटेशनं लाख सांगितलं की हवेत घंटीचा उपयोग नाही.

उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "हवा में कोई सामने आ गया तो?"

*

पहिला हवेत गेला सिद्राम. आपलं म्हणणं खरं करायला तो जो सुसाट सुटला, तो भिंत चढून, काठ ओलांडून थेट पलीकडं गेला. पलीकडं शेजारच्या कारखान्याचे धुतलेले टॉवेल वाळत होते. आम्ही धावत जाऊन बघतो, तर टॉवेलांच्या गुंडाळ्यातून फक्त सिद्रामचे पाय बाहेर, आणि आतून "अय्यो शिवने, अय्यो शिवने" चाललेलं.

टॉवेल वाळत घालणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "ह्याला धुऊन देऊ, का असाच नेता?"

त्या दिवसापासून सिद्राम व्यंकटेशच्या मताचा झाला.

*

माझं सांगायचं तर मी काठापर्यंत गेलो. दोन-तीनदा पुढचं चाक काठाच्या वरही गेलं. त्यानंतर मी लेखक झालो.

*

परत कसं यायचं, हे व्यंकटेशला मागावर उमगलं. एक दिवस कामावरून तसाच, केसांत कापूस घेऊन आला आणि म्हणाला, "मागावर सूत नेणारा धोटा बघ. ह्या टोकाकडनं त्या टोकाला जातो. तिथं पोचला की क्षणभर काहीच करत नाही. मग परत येतो. भिंतीवरनं वर गेल्यावरबी तसाच एक क्षण असतो की. जायचंबी नसतं, पडायचंबी नसतं. तेवढ्यात वळायचं."

"आणि तो क्षण कळणार कसा?" मी विचारलं.

"दिवसभर ऐकतो मी तो."

आठवड्याभरात तो काठाशी वळून त्याच भिंतीवरून खाली येऊ लागला. चाकं मात्र अजून काठ सोडत नव्हती.

*

मग भिवंडीचं निघालं. तिकडं व्यंकटेशचे मामा होते, त्यांनी दोन मागांवर जागा धरून ठेवली होती. वडील नव्हते, धाकट्या बहिणी होत्या. अम्मा, म्हणजे त्याची आई, विड्या वळायची. ती एका वाक्यात म्हणाली, "संक्रांत झाली की जा."

व्यंकटेश नाही म्हणू शकत नव्हता. पण विणकराच्या घरात एक नियम असतो. मागावर बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, चढवला की तो विणून संपेपर्यंत माग सोडायचा नाही. दुसरीकडं दुप्पट मजुरी मिळत असली तरी नाही. अम्मानं स्वतः नवऱ्याला एकदा या नियमापायी तापात कामावर धाडलं होतं.

"अम्मा," व्यंकटेश म्हणाला, "हौदातलं माझं काम अर्धं हाय. तोबी बीमच म्हण."

अम्मानं हातातली विडी पुरी वळली, दोरा गुंडाळला. "बरं. पण संपला का नाही, ते मी ठरवणार."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी विचारायची, "काय रे, संपला काय तुझा बीम?" आमच्या खेळात एवढा रस घेणारं सोलापुरात दुसरं कुणी नव्हतं.

*

संपला हे ओळखायचं कसं, हेही अम्मानंच ठरवलं. काठावर दोन्ही बाजूंना बांबू रोवले. मागचं चाक काठावर टेकवून सायकल उभी धरली. पुढचं चाक जिथं आलं, तिथं बांबूंवर खडूनं खूण केली. त्या खुणेच्या वर चार बोटं मोजून एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत सुताचा एकच धागा ताणला. पुढच्या चाकानं धागा तोडला, म्हणजे मागचंही काठ सोडून वर गेलं. तोडून त्याच भिंतीवर उतरला, की बीम संपला आणि भिवंडीची गाडी.

पहिल्याच संध्याकाळी व्यंकटेशचं चाक धाग्याच्या दोन बोटं खाली येऊन वळलं. एक-दोन दिवसांत बीम संपणार म्हणून अम्मा ऐकून खूश. सिद्रामनं माझ्याकडं पाहिलं, मी सिद्रामकडं.

घरी जाताना सिद्राम म्हणाला, "एक बोट वर सरकवला, तर कुणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धागा एक बोट वर बांधला. संध्याकाळी चाक त्याच्याखाली दोन बोटं आलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक बोट. आम्ही रोज वर बांधत होतो आणि तो रोज वर येत होता. असं मन लावून कुणी कुणाला काही शिकवलं नसेल.

*

संक्रांत होऊन गेली होती. रविवारी अम्मा सूप आणि तंबाखू घेऊन हौदावरच येऊन बसली. विड्या वळता वळता ती बघत होती. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या.

"धाग्याकडं बघू नको," ती म्हणाली. "धाग्याकडं बघून धागा हाती येत नाही. हात चालव, येतो."

तिसऱ्या खेपेला व्यंकटेश पार लांबच्या टोकाला गेला. तिथून निघाला, वळणावर जराही बिचकला नाही, सरळ वर गेला. दोन्ही चाकं काठ सोडून वर गेली आणि तो थांबला. खरोखर थांबला. जायचंही नव्हतं, पडायचंही नव्हतं. धागा तुटल्याचा आवाज होत नाही, पण मला तो ऐकू आला. मग तो वळला, भिंतीला दोन्ही चाकं लावून खाली आला, आणि हौदाच्या मध्यावर एक पाय टेकून उभा राहिला.

सिद्राम तुटलेल्या धाग्याकडं बघत होता. मीही.

अम्मा म्हणाली, "संपला. मंगळवारच्या गाडीला बसायचं."

व्यंकटेश सायकल आडवी टाकून वर आला. लोंबणारी दोन टोकं त्याच्या हातांनी आपोआपच धरली आणि गाठ मारली. तुटलेला धागा तसाच सोडणं त्याला जमायचं नाही. मग त्यानं बांबूवर खडूच्या खुणेपासून वर बोटं ठेवून बघितली. पुन्हा एकदा बघितली. आमच्याकडं वळला. मी पायाखालच्या काठाकडं बघत होतो. सिद्राम आभाळात काहीतरी शोधत होता.

"अम्मा," तो म्हणाला, "चार बोटं ठरली होती. ही चार न्हाईत. धरायचं न्हाई."

अम्मा उठली. बांबूपाशी आली. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं तिनं खुणेवर टेकवली. चार. त्यावर पुन्हा चार. त्यावर तीन. थोडा वेळ तिचा हात तिथंच राहिला.

मग तिनं सूप काखेत मारलं.

"उद्या नीट बांधा," ती आम्हा दोघांना म्हणाली, आणि घराकडं चालू लागली.